चूल वाळेपर्यंत

आमच्या घराला कोंबड्याची गरज नव्हती, अण्णा होते. पाचला उठायचे आणि सव्वापाचपासून घोषणा सुरू. "शकू, पाच वीस, वेणी! अगं, पाच पंचवीस, दूध तापलं का? बाळ्या, पाच तीस झाले, अजून पांघरुणात?" नगरच्या मोटार स्टँडवर ते कंट्रोलर होते. गळ्यात शिट्टी, कानामागे अर्धी लाल अर्धी निळी पेन्सिल, आणि मनगटावर ते घड्याळ, जे अंघोळीलासुद्धा काढायचे नाहीत, हात बादलीबाहेर धरून अंघोळ करायचे. खोटं वाटेल, पण मी बघितलंय. माळीवाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत भाकरी तव्यावरून उतरायची तीही वेळेवर, आणि लेट झाली तर का झाली याचं कारण द्यावं लागायचं. आईला त्याची सवय झाली होती, धाकट्या दोघांना भीती वाटायची, आणि मला? मला ते आवडायचं. मी त्यांचीच मुलगी. टायपिंगच्या क्लासात माझी बोटं इतकी पळायची की सर म्हणायचे, अगं मशीन तापेल. बोलायला लागले की आई म्हणायची, शकू, मधे श्वास घे, फुकट असतो. आताही बघा, कुठून सुरू केलं आणि कुठे आले.

तर त्या वर्षी दिवाळी झाली आणि ऊसतोडीला निघालेल्या पाथर्डीकडच्या माणसांनी स्टँड भरून गेला. गाठोडी, कळशा, कोंबड्या, कडेवर पोरं. अण्णा तीन दिवस घरी जेमतेम जेवायला येत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी एका गाडीला सुटायची शिट्टी द्यायला त्यांनी गाल फुगवले आणि शिट्टी वाजलीच नाही. डावा हात धरून ते तिथंच, गाडीच्या चाकाशी, खाली बसले. गाडी सुटली नाही तेव्हाच लोकांच्या लक्षात आलं की काहीतरी झालंय.

डॉक्टर घरी आले, बराच वेळ नळी लावून ऐकत बसले, आणि जाताना दारात आईला म्हणाले, "महिनाभर काही करायचं नाही. काही म्हणजे काही नाही. धावपळ, चिडचिड, जिने, सगळं बंद. पुढच्या वेळी मला बोलावून उपयोग होणार नाही." मी दाराआड उभी होते. सतरा वर्षांची. ते शेवटचं वाक्य मी शब्दन् शब्द ऐकलं. आईनं त्या संध्याकाळी अण्णांचं घड्याळ काढून घेतलं, जुन्या परकरात गुंडाळलं आणि ट्रंकेत तळाशी ठेवलं. अण्णा पडल्या पडल्या बघत होते. मनगट त्यांनी स्वतःच पुढे केलं होतं, म्हणजे किती घाबरले होते बघा.

पण घरात ते विश्रांती घेणार कसे? स्टँड चार गल्ल्यांवर. गाडीचा हॉर्न ऐकला की उशीवरून म्हणायचे, "श्रीगोंदा. दहा मिनिटं लेट." मग काशिनाथकाका आले. अण्णांच्या हाताखालचे कंडक्टर, मूळचे अकोले तालुक्यातल्या डोंगरातले. म्हणाले, "साहेब, आमच्या झापावर चला. हॉर्न न्हाई, शिट्टी न्हाई. खाली धरन, वर आभाळ. माझी भन हाय तिथं, ती बगंल तुमच्याकडं." झाप म्हणजे गावापासून लांब, डोंगराच्या सपाटीवर गुरांसाठी बांधलेलं खोपट. धाकट्यांची शाळा होती म्हणून आई थांबली आणि अण्णांबरोबर मी निघाले. गाडीच्या खिडकीशी येऊन आई हळूच म्हणाली, "शकू, तू त्यांच्यासारखीच आहेस, भिंगरी. महिनाभर भिंगरी होऊ नकोस. त्यांना पळू देऊ नकोस. तेवढं एकच कर." आणि तिनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

राजूरच्या पुढे रस्ता संपला, मग बैलगाडी, मग तीही संपली. अण्णांना दोघांनी डोलीत घालून वर नेलं आणि ते डोलीतून म्हणत होते, "इथून किती वाजता पोहोचतो आपण साधारण?" डोलीवाले हसले. म्हणाले, "पोचू तवा पोचू."

आणि मग तो झाप! कसा सांगू? कारवीच्या काड्यांच्या भिंती, त्यांना आतून शेणमातीचं लिंपण, वर भाताच्या पेंढ्याचं जाड छप्पर, इतकं खाली आलेलं की आत जाताना अण्णांसारख्या बुटक्या माणसालाही वाकावं लागायचं. अर्ध्या भागात म्हैस आणि दोन गाई, अर्ध्यात आम्ही. मधे फक्त एक आडवा वासा. मला वाटलं वास येईल. आला, पण दोन दिवसांनी तो वास नसता तर झोप लागली नसती. पेंढ्यावर गोधडी, गोधडीवर घोंगडी, आणि पलीकडून जनावरांच्या अंगाची ऊब, सावकाश येणारी, चुलीशिवाय. सकाळी डोळे उघडले की कुडाच्या फटींमधून उजेडाच्या बारीक बारीक काड्या आत आलेल्या आणि त्यांच्यातून धुकं सरकताना दिसायचं, घरातल्या घरात. बाहेर यावं तर धरण गायब. ढग खाली, आपण वर, आणि पलीकडे कळसूबाईचा नुसता माथा, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. मी पहिल्या दिवशी इतकी ओरडले की गाय बुजली.

काशिनाथकाकांची बहीण म्हणजे ठकूमावशी. खालच्या वाडीत राहायची, रोज उजाडता वर यायची, गुरं सोडायची, आमचं बघायची. पन्नाशीची, उंच, पायात काही नाही, आणि चाल अशी की घाईत आहे की रमतगमत ते कळायचं नाही, पण पोहोचायची सगळ्यांच्या आधी. जेवायला नागलीची भाकरी, खुरासणीची काळी चटणी, हुलग्याचं पिठलं, आणि काळभात. त्या भाताचा वास! झाकण काढलं की म्हैससुद्धा मान वळवायची. सगळं ती घरून शिजवून टोपलीत घालून आणायची, कारण झापातली जुनी चूल पावसाळ्यात विरघळून गेली होती. आमच्यासाठी तिनं नवी चूल घातली होती, आम्ही यायच्या आदल्याच दिवशी. तांबड्या मातीची, गुळगुळीत, बाजूला वैल, म्हणजे दुसरं भांडं ठेवायला जागा. पण तिनं मला पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगितलं, "पोरी, ही कच्ची हाय. आट दिस हिला इस्तू दावायचा न्हाई. सावलीत वाळू द्यायची. च्या बाहीर तीन दगडांवर कर."

मी म्हटलं, "हो मावशी." आणि मी खरंच मनापासून म्हटलं होतं.

अण्णांचं मात्र काही थांबेना. घड्याळ नव्हतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी कोळशानं कुडावर टाइमटेबल लिहिलं. चहा, फेरी, अंघोळ, वाचन, जेवण. सपाटीच्या कडेला उभं राहिलं की खाली खूप लांब धरणाच्या कडेचा रस्ता दिसायचा आणि त्यावरून दिवसातून एकदोनदा एक लाल ठिपका सरकायचा. गाडी! अण्णांना ते सापडल्यावर संपलंच. कडेला जाऊन उभे. ठिपका दिसला नाही की मानेची शीर फुगायला सुरुवात. "पंधरा मिनिटं लेट. निदान पंधरा. ड्रायव्हर चहाला थांबला असणार."

ठकूमावशी गवताचा भारा टाकून म्हणाली, "भाऊ, तुमी हितनं वराडला तर त्याला ऐकू येतंय व्हय?"

"अहो, पण लोक खोळंबतात ना!"

"खोळंबू द्या की. बसलेत त्ये. तुमी हुबं हायेत."

मी हसले, पण माझं लक्ष त्या शिरेकडे होतं. दिवसभर माझं तेवढंच काम, ती शीर बघायची. आणि मला एक गोष्ट कळली होती: सकाळचा चहा वेळेवर मिळाला तर शीर दुपारपर्यंत गप्प असायची. नाही मिळाला तर झापात येरझाऱ्या. इकडून आठ पावलं, तिकडून आठ पावलं. तो पायांचा आवाज मला आजही सहन होत नाही. दवाखान्यात, स्टेशनवर कुणी येरझाऱ्या घालायला लागलं की मी उठून दुसरीकडे जाते.

चौथ्या दिवशी दव इतकं पडलं की बाहेरचे तीन दगड, त्यांच्याखालची राख, लाकडं, सगळं निथळत होतं. वारंही सुटलेलं. मी काड्यांवर काड्या ओढतेय, फुंकतेय, डोळ्यांतून पाणी, आणि आत पावलं सुरू झाली. आठ. आठ. "शकू, पावणेसहा तरी झाले असतील." आठ. "शकू, झालं का?" मी आत आले. चुलीला हात लावून बघितला. वरून खणखणीत! मला वाटलं, वाळली की. खेड्यातली माणसं जरा जास्तच जपतात. एक कप चहानं काय होणार? कोपऱ्यातली वाळकी कारवी मोडून घातली आणि पेटवली. कारवी कशी जळते तुम्ही बघितलंय का? ताडताड, एकदम, खळखळून हसल्यासारखी. पाण्याला आधण यायला लागलं. मी इतकी खूश! मागे वळून म्हटलं, "अण्णा, दोन मिनिटं."

दोन मिनिटं नाही लागली. आतून ठप्प असा आवाज आला, चुलीचं डावं अंग अख्खंच्या अख्खं निखळून बाहेर पडलं, पातेलं कलंडलं, आणि पेटलेली कारवी घरंगळत गेली ती थेट आमच्या अंथरुणाच्या पेंढ्यात.

मी उभीच राहिले. घरातली सगळ्यात चपळ मुलगी, आणि माझे पाय जमिनीला चिकटले. धावले अण्णा. पोतं ओढलं, बादलीत बुचकळलं, दणादणा पेंढ्यावर हाणलं, पायानं निखारे तुडवले, उरलेली चूलही त्यात त्यांच्या पायाखाली गेली. दावणीला म्हैस उसळत होती. आणि मग सगळं विझलं. कूड फक्त हातभर काळा झाला होता. धूर, आणि धुरात अण्णा उभे. त्यांनी डावा हात धरला आणि हळूहळू खाली बसले, जसे त्या दिवशी चाकाशी बसले होते. तोंड मातकट झालं होतं, ओठांवर रंग नाही.

मला डॉक्टरांचं ते वाक्य ऐकू येत होतं. दुसरं काहीच नाही.

इतक्यात ठकूमावशी दारात आली. तिनं काय झालं ते विचारलं नाही. टोपली खाली ठेवली, अण्णांच्या शेजारी राखेत बसली, त्यांना खांबाला टेकवलं आणि त्यांचं मनगट आपल्या मुठीत धरलं. "भाऊ, हिकडं बगा. म्हशीकडं बगा. कसा श्वास घेती बगा ती. पोटातनं. घ्या तिच्यासंगं." म्हैस अजून बावरलेली होती, फुरफुरत होती. मावशीनं दुसऱ्या हातानं तिच्या नाकावर थोपटलं. हळूहळू म्हैस शांत झाली. बरगड्या फुगायच्या, बसायच्या. अण्णा तिच्याबरोबर श्वास घेत होते. नगरचे कंट्रोलर, म्हशीच्या तालावर. किती वेळ ते मला खरंच सांगता येणार नाही. उजेडाच्या काड्या कुडातून आत आल्या आणि सरकत सरकत त्यांच्या पायापर्यंत पोहोचल्या तेव्हा ओठांवर रंग आला होता.

पहिलं वाक्य काय बोलले माहितीये? "चहा राहिला."

"च्या जाऊ द्या खड्ड्यात," मावशी म्हणाली.

मी तेव्हा रडायला लागले. चूल मी पेटवली, मी, मी, असं काहीतरी. मावशीनं मोडलेल्या मातीकडे बघितलं, एक तुकडा उचलून मधून फोडला. आत ओला, गडद तांबडा. मला दाखवला. रागावली नाही. नुसता दाखवला. मग म्हणाली, "आमच्यात एक हाय. ज्यानं चूल मोडली त्यानंच घालायची. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई."

"मी घालते," मी म्हणाले.

"मोडली मी," अण्णा म्हणाले. "पायाखाली तुडवली ती मी."

मावशी आधी हसली, मग तिला कळलं की ते खरंच म्हणतायत. "बाप्यानं चूल घातल्याली आमच्या वाडीत अजून कुनी पायली न्हाई, भाऊ."

"मग बघा."

डॉक्टर होते ते खाली राजूरला, दोन तासांची उतरण आणि पुढे बैलगाडी, आणि अण्णा हलायला तयार नव्हते. मी आईला पत्र लिहिलं, सगळं, आग, हात, ओठ. मावशीजवळ देणार होते. दिलं नाही. पिशवीत तसंच ठेवलं आणि नंतर फाडलं. आईला मी हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. चूक केली की बरोबर, आजही ठरवता येत नाही. एवढंच माहीत आहे की त्या दिवसापासून माझी नजर त्यांच्यावरून हलली नाही.

आणि मग सुरू झाले ते दिवस, ज्यांच्यासाठी खरं तर मी हे सगळं सांगतेय. माती आणायची ती ओढ्याच्या काठची, मऊ. आणली. अण्णा म्हणाले, "चला, कालवू." मावशी म्हणाली, "आज न्हाई. भिजू द्या. मुरू द्या." दोन दिवस माती नुसती भिजत पडली आणि आम्ही तिच्याकडे बघत बसलो. अण्णा पहिल्या दिवशी चार वेळा जाऊन बोट घालून आले. दुसऱ्या दिवशी दोनदा. मग शेण आणि भाताचा तूस घालून पायांनी तुडवायची, आणि तीही सावकाश. अण्णा खुर्चीवर बसल्यासारखे दगडावर बसून पायांनी माती मळत होते, धोतर गुडघ्यापर्यंत, आणि वाडीतल्या तीन बायका मुद्दाम वर येऊन तोंडाला पदर लावून उभ्या. एक म्हणाली, "ठके, हा पावना ठिवून घे. आमच्या घरीबी दोन चुली हायेत."

"रांगेत या," अण्णा म्हणाले. "नंबर लागेल."

त्या इतक्या हसल्या की डोंगरातून परत ऐकू आलं.

चूल घालायला अख्खी सकाळ गेली. मातीचे गोळे ठेवायचे, दाबायचे, पाण्याच्या हातानं फिरवायचं. अण्णांची बोटं, जी आयुष्यभर शिट्टी आणि पेन्सिलीशिवाय काही धरत नव्हती, ती मातीवर फिरत राहिली. मध्येच दूर खालून हॉर्न आला, अगदी बारीक. मी दचकून बघितलं. अण्णांनी डोकं वर केलं नाही. वैलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते.

मग वाळणं. रोज सकाळी बारीक चिरा पडायच्या, केसासारख्या, आणि अण्णा त्यांत पातळ माती बोटानं भरायचे. बाकी दिवस मोकळा. आम्ही भिंतीला टेकून उन्हात बसायचो. गुरांच्या गळ्यातल्या घंटा लांब जायच्या, जवळ यायच्या. खाली खाचरांत भात झोडायचा आवाज, धप्प, मग बराच वेळ काही नाही, मग धप्प. मी बोलायचे, अण्णा ऐकायचे, मग मीही गप्प व्हायचे. मी! कधी कधी ते त्यांच्या लहानपणाचं सांगायचे. पुणतांब्याला आजोळी नदीत पाय सोडून बसायचे म्हणे, दिवस दिवस. मला तोपर्यंत वाटत होतं अण्णा घड्याळासकटच जन्मले.

माझी नात परवा म्हणाली, आजी, तुझं ते डोंगरावरचं म्हणजे डिजिटल डिटॉक्स होतं. असेल बाई. मला त्याचं नाव माहीत नव्हतं. मला फक्त एवढंच माहीत होतं की येरझाऱ्यांचा आवाज बंद झालाय, आणि तो बंद झाल्याचं मला दोन दिवसांनी कळलं.

तरी माझी भीती गेली नव्हती, बरं का. ती होतीच, तशीच. ते कुशीवर वळले की मी बघायचे. ते खोकले की मी बघायचे.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ, मावशीनं चुलीला हळद-कुंकू लावलं, नव्या मडक्यात म्हशीचं दूध घातलं आणि वर ठेवलं. नव्या चुलीवर पहिलं दूध उतू जाऊ द्यायचं असतं. "पयल्या दिशी ल्हान जाळ," ती म्हणाली. "एक एक काडी. आन हिकडं तिकडं बगू नको." मी चुलीपुढे बसले, एक काडी, मग दुसरी. अण्णा मागे खांबाला टेकून बसले होते, आपली चूल बघत. दूध तापायला किती वेळ लागतो हो! आधी नुसतं हलतं. मग कडेला एक बुडबुडा. मग पुन्हा काही नाही. चुलीला कुठे चीर पडतेय का म्हणून मी श्वास रोखून बघत होते. नाही पडली. साय धरायला लागली. मला इतका आनंद झाला, मी मागे वळून म्हटलं, "अण्णा, आलं बघा!"

अण्णांची मान खांद्यावर पडली होती. हात मांडीवरून खाली आलेला, पंजा उघडा. तोंड किंचित उघडं.

सतरा वर्षांत मी माझ्या वडिलांना दिवसा झोपलेलं बघितलं नव्हतं. एकदाही नाही. मला माहीतच नव्हतं ते कसे दिसतात. मी किंचाळले. काडी टाकून धावले आणि दोन्ही खांदे धरून त्यांना असं गदागदा हलवलं की घोंगडी खाली पडली. "अण्णा! अण्णा! मावशी, अण्णा!"

त्यांनी एक डोळा उघडला. माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे. "काय गं? परत पेटवलंस का?"

"आगं पोरी," मावशी दारातून ओरडली, "झोपला व्हता गं मानूस!"

मी नुसती बसले, त्यांचा सदरा मुठीत धरून. अण्णांना ते कळलं असावं. मग त्यांनी माझा हात सदऱ्यावरून सोडवला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला, उताणा नाही, पालथा, नीट.

"बघ," म्हणाले. "आहे ना? मग मला झोपू दे जरा."

आणि डोळे मिटले. छाती वर यायची, थांबायची, खाली जायची. घाई नव्हती तिला. मागे चुलीवर दूध फसफसून वर आलं, मडक्याच्या कडेवरून गेलं, विस्तवावर चरचरलं, आणि झापभर तो गोड करपट वास पसरला. "गेलं बग उतू," मावशी म्हणाली. "उगवतीकडं गेलं. चांगलं झालं. बग की."

मी मान वळवली नाही.